आधी किल्ली, मग नकाशा : विदर्भातल्या गावासाठी बहुउद्देशीय निवारा कसा बांधावा

२०२० च्या पुरानंतर वैनगंगेकाठच्या एका गावात पाहणीला गेलो होतो. गावात समाजमंदिर होतं, उंचावर होतं, स्लॅबचं होतं. पण पाणी चढलं त्या रात्री त्याला कुलूप होतं आणि किल्लीवाला लेकीच्या गावी गेलेला. लोकांनी कुलूप तोडलं, तर अर्धा हॉल कुणा ठेकेदाराच्या सिमेंटच्या पोत्यांनी आणि मंडपाच्या सामानानं भरलेला. शेवटी बायामाणसं शाळेच्या स्लॅबवर चढून बसली.

तेव्हापासून निवाऱ्याचा विषय घेऊन कुणी सरपंच आले, की मी पहिला प्रश्न किल्लीचा विचारतो. किती खोल्या, किती खर्च, हे नंतर. वर्षभर ही इमारत कोण उघडणार, कोण झाडणार, रात्री अकरा वाजता तिथं कोण असणार? याचं उत्तर ज्या गावाकडे आहे, त्याच गावानं पुढचं वाचावं. बाकीच्यांनी आधी ग्रामसभेत बसावं.

संकट कुठून येतं, ते आधी ओळखा

विदर्भातल्या सगळ्या गावांना एकच नकाशा चालत नाही. वैनगंगेच्या खोऱ्यात पाणी वरून येतं, आणि गावात पाऊस नसतानाही येतं. ऑगस्ट २०२० च्या शेवटी मध्य प्रदेशात धो धो पाऊस झाला, तिथल्या संजय सरोवर धरणातून पाणी सुटलं, गोसीखुर्द धरणाची ३३ ही दारं उघडावी लागली, आणि भंडारा, ब्रह्मपुरी, गडचिरोलीच्या काठावरची गावं बुडाली. अशा पुरात हाताशी काही तास असतात. भामरागडला पर्लकोटा नदी चढली की रस्ता तुटतो आणि पलीकडची गावं कित्येक दिवस एकटी पडतात. तिथला निवारा एका रात्रीचा नसतो, आठवड्याचा असतो.

पश्चिमेकडे गोष्ट वेगळी. तिथं नाला फुगतो आणि वेळ मिनिटांत मोजावा लागतो. जुलै २०२३ मध्ये यवतमाळच्या महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पाण्यानं वेढलं, तेव्हा हवाई दलाकडे हेलिकॉप्टर मागावं लागलं. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीनं नागपूर जिल्ह्यातलं मोवाड गाठलं आणि २०४ माणसं गेली. नरखेड भागातली जुनी माणसं ती तारीख अजून विसरलेली नाहीत.

याचा जागेशी थेट संबंध आहे. इशारा तासांचा असेल, तर निवारा एक किलोमीटरवर असला तरी चालेल. मिनिटांचा असेल, तर तो वस्तीपासून दोन-तीनशे मीटरच्या आत हवा आणि वाटेत नाला किंवा रपटा (पुरात पाण्याखाली जाणारा बुटका पूल) ओलांडावा लागता कामा नये. ही दुसरी अट पहिलीपेक्षाही मोठी. पुरात माणसं घरात कमी आणि रपट्यावर जास्त वाहून जातात.

पुराखेरीज दोन संकटं सगळ्या अकरा जिल्ह्यांना सारखी आहेत : ऊन आणि वीज. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४७-४८ अंशांना जातो. पूर दहा वर्षांतून एकदा येईल, ऊन दरवर्षी येणार. म्हणजे ही इमारत सगळ्यात जास्त दिवस उन्हाळ्यातच कामी येणार आहे, आणि नकाशात नेमकं तेच कुणी धरत नाही.

जागा : म्हाताऱ्यांना सोबत घेऊन फिरा

गावातल्या चार जुन्या माणसांना, त्यात दोन बाया, घेऊन गावफेरी करा. 'चौऱ्याण्णवचं पाणी कुठवर होतं, वीसचं कुठवर?' असं विचारत चला. देवळाची पायरी, विहिरीचं तोंड, शाळेच्या भिंतीवरचा गाळाचा डाग, अशा खुणा सापडतात. प्रत्येक खुणेवर रंग लावा आणि लेव्हल मशीननं तिची उंची एका ठरलेल्या दगडापासून मोजा. मशीन मिळालं नाही, तर मिस्त्रीची पाण्याची पारदर्शक नळी आहेच. पन्नास मीटरच्या टप्प्याटप्प्यानं ती सबंध गाव पालथं घालते.

सोबत जलसंपदा विभागाच्या पूररेषा मागवा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकाम निषिद्ध, निळी आणि लालच्या मध्ये निर्बंध. निवारा लाल रेषेच्या बाहेरच हवा. पण पूररेषा मोठ्या नद्यांच्या आखलेल्या असतात. तुमच्या नाल्याची बहुधा नसेल. तिथं म्हाताऱ्यांची खूण हाच पुरावा, आणि तिच्यावर किमान एक मीटर चढवूनच जोत्याची पातळी धरा.

आता कागद. पूर्व विदर्भात इथंच गाडी अडते. उंचावरची मोकळी जागा दिसते, सरपंच खूश होतात आणि सातबारा काढला की त्यावर लिहिलेलं असतं 'झुडपी जंगल'. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत ही नोंद जागोजागी आहे. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये झुडपी जंगलाला वनजमीनच मानलं आहे. म्हणजे १९८० च्या वन कायद्याखालची परवानगी लागणार. 'आधी बांधू, मग बघू' असं इथं करू नका. अर्धवट कॉलम उभे राहिलेली इमारत गावाला फार वर्षं खुपते.

मात्र वनहक्क कायद्याचा एक रस्ता पुष्कळ गावांना ठाऊक नसतो. २००६ च्या त्या कायद्याच्या कलम ३(२) मध्ये शाळा, अंगणवाडी, दवाखाना, पिण्याच्या पाण्याची सोय, समाजकेंद्र अशा ठरावीक कामांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळती करता येते. अट अशी, की हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. यादीत 'निवारा' हा शब्द नाही, 'समाजकेंद्र' आहे. म्हणून ठरावात आणि अर्जात समाजकेंद्र असंच लिहा.

जागेबद्दल अजून एक गोष्ट, जी कुठल्याही दरसूचीत नसते. देवळाचा सभामंडप उंचावर आहे म्हणून त्यालाच निवारा म्हणू नका. गावातल्या प्रत्येकाला तिथं चपला काढून बिनधास्त पथारी पसरता येते का, हे टोलीवरच्या, तांड्यावरच्या, पोडावरच्या माणसाला विचारा, आणि त्याच्या वस्तीत जाऊन विचारा. ग्रामसभेत सगळे 'हो' म्हणतात. रात्री मात्र ज्याला आपलं वाटत नाही, तो घराच्या माळ्यावरच बसून राहतो.

किती माणसं, किती जागा

समजा नदीच्या बाजूला ६० घरं, २६० माणसं. मदतकार्यात मानला जाणारा स्फिअरचा दंडक माणशी ३.५ चौरस मीटर छताखालची जागा सांगतो. २६० माणसांना ९१० चौ.मी. झाले. ग्रामपंचायतीला हे झेपणार नाही, आणि झेपलं तरी वर्षभर कोण झाडणार? दोन-तीन रात्रींसाठी माणशी दीड चौ.मी. धरून मी हिशेब करतो. झोपायला दाटी होते, पण आडवं होता येतं. २६० गुणिले दीड म्हणजे ३९० चौ.मी. त्यातला हॉल २० बाय १० मीटरचा, म्हणजे २००. भोवती ६० चौ.मी.चा व्हरांडा. उरलेल्या १३० साठी शेजारच्या शाळेच्या तीन खोल्या, अर्थात त्या पुराच्या खुणेवर असतील तरच. सगळं एकाच छताखाली कोंबण्यापेक्षा शाळा आणि निवारा एका आवारात ठेवणं कधीही स्वस्त. स्लॅबवर जायला पक्का जिना आणि मीटरभर उंच कठडा घेतला, की अडीअडचणीची जागा आणखी २०० चौ.मी.नं वाढते.

हॉलच्या एका टोकाला दोन छोट्या खोल्या काढा. एक बाळंतिणी आणि दिवस भरत आलेल्या बायांसाठी, तिला आतून कडी आणि लागून मोरी. दुसरी औषधांची. पहिली खोली नकाशातून सगळ्यात आधी कापली जाते, 'हॉल मोठा दिसतो' म्हणून. कापू देऊ नका. दुर्गम भागात आशाताईनं गरोदर बाईला रस्ता तुटायच्या आधीच माहेरघरात (दवाखान्याजवळची गरोदर बायांच्या मुक्कामाची सोय) नेलेलं असलं तर उत्तम. पण पाणी विचारून येत नाही.

पाया : काळ्या मातीशी वैर घेऊ नका

वऱ्हाडात, यवतमाळ-वर्ध्यात कपाशीची काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते आणि भेगांत अख्खा हात जातो. या मातीवर साधा दगडी पाया घातला, की तिसऱ्या वर्षी भिंतीला तिरप्या भेगा पडतात. मग सगळे मिस्त्रीला शिव्या देतात. दोष मिस्त्रीचा नसतो.

खड्डा खणून बघा. दीड-दोन मीटरवर घट्ट मुरूम लागला, तर तिथवर उतरून फुटिंग (कॉलमचा रुंद तळ) घ्या आणि भोवती काळी माती परत न भरता मुरूम भरा. काळी माती खोलवर असेल, तर अंडर-रीम पाइल घ्या. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं (सीबीआरआय) ही पद्धत अशा मातीसाठीच विकसित केली. हाताच्या ऑगरनं (मोठ्या गिरमिटानं) भोक पाडायचं, तळाशी कांद्यासारखा फुगा खोदायचा, त्याचा व्यास दांड्याच्या अडीच पट. खोली साधारण साडेतीन मीटर, म्हणजे माती जिथं वर्षभर हलत नाही तिथवर. आणि जोत्याच्या बीमखाली ८० मिमी मोकळी फट ठेवायचीच, नाहीतर फुगलेली माती बीमला खालून उचलते. ही फट सेंट्रिंगवाल्याला चूक वाटते आणि तो ती भरून टाकतो. बीम ओतायच्या दिवशी तिथं उभं राहा.

इमारतीभोवती दीड-दोन मीटर रुंद फरसबंदी करा, बाहेर उताराची. छताचं पाणी पायाजवळ मुरलं, की वरची सगळी मेहनत वाया.

पूर्वेकडे धानाच्या पट्ट्यात माती वेगळी असते, तिथं हा त्रास कमी. मात्र नदीजवळ लोंढा पाया उकरून काढतो. म्हणून पाया खोल घ्या आणि प्रवाहाच्या बाजूचे कॉलम गोल ठेवा, वाहून येणारे ओंडके अडकून राहत नाहीत.

जोतं, रॅम्प, स्लॅब

जोतं मीटर-दीड मीटर उंच करायचं असेल, तर मुरमाचा भराव थर देऊन, पाणी मारून, धुम्मस करत करा. एका थराची जाडी २०-२५ सेंमीपेक्षा जास्त नको. त्याहून उंची लागली, तर खाली नुसते कॉलम ठेवून वर मजला घेणं परवडतं. खालून पाणी वाहून जातं आणि एरवी त्या सावलीत आठवडी बाजार भरतो. पण नुसत्या कॉलमवर उभी इमारत भूकंपात कमजोर पडते. विदर्भाचा बहुतेक भाग भूकंपाच्या क्षेत्र २ मध्ये येतो, काही भाग ३ मध्ये. धोका मोठा नसला तरी कॉलम मध्येच टाय-बीमनं बांधून घ्या आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही असलेलं ड्रॉइंग घ्या. गावातल्या पोरानं मोबाइलवर काढलेल्या नकाशावर २६० माणसांचा जीव टांगू नका.

वर टिनाचं छत नको, म्हणजे नकोच. वादळात पहिलं तेच उडतं, मे महिन्यात त्याच्याखाली कुणी बसत नाही आणि गारपिटीत आत बोललेलं ऐकू येत नाही. आरसीसी स्लॅब घ्या. भिंतींना फ्लाय अॅशच्या विटा चालतील. चंद्रपूर आणि कोराडीच्या वीज केंद्रांमुळे त्या आपल्याकडे सहज मिळतात आणि आकारानं एकसारख्या असल्यानं छपाईला मसाला कमी लागतो.

रॅम्पचा उतार एकास बारा, म्हणजे एक मीटर चढायला बारा मीटर लांबी. रुंदी दीड मीटर, दोन्ही बाजूंना कठडा. पुष्कळ ठिकाणी जागा नाही म्हणून एकास पाचचा रॅम्प करून मोकळे होतात. त्यावरून व्हीलचेअर चढत नाही, घसरते. दारं बाहेर उघडणारी, निदान दोन, समोरासमोर.

ढोरांचं काय?

'साहेब, आमी येतो, पण ढोराइचं काय?' हा प्रश्न मी प्रत्येक गावात ऐकला आहे. बैलजोडी, दुभती म्हैस, चार शेळ्या हेच घराचं भांडवल. ते पाण्यात सोडून माणूस येत नाही. आणि घरचा कर्ता मागं राहिला की बायकोही राहते. ज्या निवाऱ्यात ढोरांना जागा नाही, तिथं माणसंही पूर्ण येत नाहीत.

ढोरं इमारतीखाली बांधायची नाहीत. शेजारी मुरमाचा उंच ओटा करा, निवाऱ्याच्या जोत्याइतक्याच पातळीचा. गाईला साडेतीन, म्हशीला चार चौ.मी. जागा धरा. १२० जनावरांना साधारण ४५० चौ.मी. झाले. कडा एकास दोनच्या उताराच्या, त्यांवर दगडांचं पिचिंग. चढायला एकास आठचा उतार, बंडी चढेल इतका रुंद. वर दोरी बांधायला लोखंडी कड्या, एका बाजूला तीन-चार खांबांवर साधं छप्पर आणि पाण्याचं टाकं. जनावरामागं दिवसाला चाळीस लिटर पाणी आणि पाच-सहा किलो तणीस किंवा कडबा धरा. तणसाची गंजी मृगाआधीच ओट्यावर रचून ताडपत्रीनं झाका.

तलावातल्या गाळाचा ओटा करू, असं कुणीतरी हमखास सुचवतं, कारण गाळ फुकट मिळतो. तो वावरात टाका, पीक चांगलं येईल. ओट्यावर टाकलात तर पहिल्या पावसात ढोरं गुडघाभर चिखलात रुततील.

आणि साप. पुरात कोरडी जागा शोधत तेही वर येतात, नाग, मण्यार, घोणस सगळे. ओटा आणि जोतं यांच्या कडेला सांदी-कपारी ठेवू नका, सरपण तिथं रचू नका आणि रात्रभर चारही बाजूंना दिवा हवा. झोपणाऱ्यांसाठी दोन-चार मोठ्या मच्छरदाण्या ठेवल्यात तर मण्यारीपासूनही बचाव होतो.

पाणी, संडास, चूल

माणशी १५ लिटर, तीन दिवस : २६० माणसांना ११,७०० लिटर. म्हणून १२,००० लिटरची टाकी, छताच्या पाण्यावर भरणारी. छत २६० चौ.मी.चं असेल, तर जेमतेम ६० मिमी पावसात ती भरते, एवढा पाऊस विदर्भात एका चांगल्या दिवसात पडतो. पहिलं पाणी बाहेर सोडून द्यायला पाइपला वळतीचा वॉल्व्ह ठेवा. पावसाळाभर टाकी भरलेली ठेवायची, जलसुरक्षकानं मेडिक्लोर (क्लोरीनचं द्रावण) टाकायचं आणि ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन आहे का, याची चाचणी) करून वहीत नोंद करायची. हातपंप असेल तर त्याचा चौथरा पुराच्या खुणेच्या वर घ्या. बुडालेल्या बोअरचं पाणी गढूळ होऊन आठवडाभर निकामी राहतं.

थोड्या दिवसांच्या मुक्कामाला ५० माणसांमागं एक संडास, म्हणजे सहा. चार बायांचे, दोन पुरुषांचे, उलटं नको. बायांचे हॉलच्या जवळ, वाटेवर उजेड, दार आतून बंद होणारं, एकाला कमोड. काळ्या मातीत शोषखड्डा चालत नाही, पाणी जिरतच नाही. सेप्टिक टँक पूर्ण बंद, झाकण पुराच्या पातळीच्या वर.

स्वयंपाकघर वेगळं, व्हरांड्याच्या टोकाला, धुराची वाट असलेलं. दोन मोठ्या चुली, दोन सिलिंडर, गंजं आणि पराती बचतगटाच्या ताब्यात. लग्नकार्याला हीच भांडी भाड्यानं जातात, त्यामुळे ती जागेवर आणि घासलेली राहतात.

उन्हासाठी इमारत

दुपारी बारा ते चार हा हॉल गावातल्या म्हाताऱ्यांना, रोजगार हमीवरून परतलेल्या मजुरांना, सिकलसेलच्या पेशंटला उघडा हवा. सिकलसेलमध्ये अंगातलं पाणी कमी झालं की वेदनेचे झटके येतात, म्हणून आशाताईच्या यादीतल्या घरांना आधी निरोप द्या. छतावर दरवर्षी मार्चमध्ये चुन्याचे दोन हात, किंवा एकदाच पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी. छताजवळ झरोके, पश्चिमेला व्हरांडा आणि कडुनिंब. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या. आपल्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत कूलर झकास चालतो, त्याला एसीची गरज नाही. जुलैच्या दमट हवेत तोच कूलर बंद ठेवून पंखे चालवायचे. माठ, ओआरएस, बाजूला एक खाट. एवढंच.

विजेचे दोन प्रश्न

पूर आला की महावितरणची लाइन आधी बंद होते, आणि ते बरोबरच आहे. २ किलोवॉटचं सोलर आणि साधारण ५ युनिटची बॅटरी घ्या. वीस एलईडी दिवे रात्रभर आणि साठ मोबाइल दिवसातून एकदा, यांना मिळून २.७ युनिटच्या आसपास लागतात. ढगाळ दिवसांत सोलरची निर्मिती पाव-तृतीयांशावर येते, तो तुटवडा बॅटरीनं भरून निघतो. इन्व्हर्टर आणि मीटर छातीच्या उंचीवर. हातानं फिरवायचा भोंगा ठेवा. नेटवर्क गेल्यावर तोच वाजतो.

आकाशातल्या विजेसाठी छतावर तडितरोधक बसवा, त्याच्या दोन तरी पट्ट्या जमिनीत उतरवा, आणि अर्थिंगचा रोध १० ओहमच्या आत आहे हे मोजून घ्या. उन्हाळ्यात माती कोरडी असताना मोजा, पावसाळ्यात कुठलंही अर्थिंग चांगलंच दिसतं. पण खरं सांगायचं तर वीज गावात कमी आणि वावरात जास्त माणसं मारते, रोवणीच्या बायांना, मोहाखाली थांबलेल्या गुराख्याला. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं, विजेचा इशारा देणारं 'दामिनी' अॅप गावातल्या चार-पाच जणांच्या फोनवर असू द्या. इशारा आला की निवाऱ्यावरचा भोंगा तीनदा, ही खूण रोवणीआधीच सगळ्यांना सांगून ठेवा.

पैसा

एका योजनेतून सगळं होईल अशी वाट बघू नका. इमारतीचे तुकडे करा. संडास, टाकी आणि पावसाच्या पाण्याची पाइपलाइन वित्त आयोगाच्या बंधित निधीत बसते, कारण तो पाणी आणि स्वच्छतेसाठीच असतो. हॉलला आमदार-खासदार निधी किंवा जिल्हा नियोजन समिती. खाणींच्या जिल्ह्यांत, म्हणजे चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर, गडचिरोलीत, जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे अर्ज करा. पेसा गावांकडे (आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामसभांच्या कायद्याखालची गावं) पाच टक्के अबंध निधी असतो. सोलरसाठी आसपासच्या कंपनीचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा निधी). आपत्ती व्यवस्थापन कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे. जिल्हाधिकाऱ्यांकडच्या आपत्ती प्राधिकरणाकडे अर्ज करताना 'प्रतिसाद' (संकट आल्यावरचा) आणि 'सौम्यीकरण' (संकटाआधी धोका कमी करायचा) हे दोन निधी वेगळे असतात, हे ध्यानात ठेवा. बांधकाम दुसऱ्यात बसतं. अंदाजपत्रक चालू दरसूचीवरच करा, दोन वर्षं जुन्या दरांवरचं काम स्लॅबवर येऊन थांबतं.

प्रत्येक अर्जासोबत ग्रामसभेचा ठराव, जागेचा उतारा आणि रंगवलेल्या खुणांचे फोटो जोडा. ते फोटो टेबलावरच्या अधिकाऱ्याला थांबवतात.

काम चालू असताना

गावातून तीन माणसांची देखरेख समिती करा, एक तरी बाई. त्यांनी चार गोष्टी बघायच्या. एका सिमेंटच्या पोत्याला पाणी २५ लिटरच्या वर नको. मजूर मसाला पातळ करायला बघतात, कारण ओतायला सोपा जातो. रेतीत माती नको : मूठभर ओली करून चोळा, हात माखला तर परत पाठवा. लोहा आणि सेंट्रिंग यांच्या मध्ये कव्हर ब्लॉक (अंतर राखणारे छोटे ठोकळे) हवेत, फुटिंगला ५० आणि कॉलमला ४० मिमी, नाहीतर पाचव्या वर्षी लोहा गंजून छपाई फुगते. आणि तराई, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं. आपल्याकडे बहुतेक पीपीसी सिमेंट येतं, त्याला १४ दिवस पाणी हवं. मार्च-एप्रिलच्या उन्हात दिवसातून दोनदा पाइप फिरवून भागत नाही; स्लॅबवर मातीचे आळे करून पाणी साचवा, कॉलमला ओली पोती गुंडाळा. क्यूब टेस्टचा (काँक्रीटच्या ठोकळ्याची ताकद मोजणाऱ्या चाचणीचा) २८ दिवसांचा रिपोर्ट आल्याशिवाय शेवटचं बिल काढू नका.

आता पुन्हा किल्ली

निवारा चालतो तो रोजच्या येण्याजाण्यावर. सकाळी अंगणवाडी, दुपारी बचतगट, संध्याकाळी भजन मंडळ, रात्री अभ्यासिका. या अभ्यासिकेवर माझा विशेष जीव आहे. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं रात्री बारापर्यंत तिथं बसतात आणि पहाटे पाचला धावायला निघतात. पाणी चढतंय हे गावात सगळ्यात आधी त्यांना कळतं. एक किल्ली त्यांची. दुसरी पोलीस पाटलांकडे, तिसरी जवळ राहणाऱ्या अंगणवाडी सेविकेकडे. चौथी दाराशेजारी काच लावलेल्या छोट्या पेटीत, वेळ पडली तर काच फोडून काढायला.

आपली लग्नसराई उन्हाळ्यात, म्हणून एप्रिल-मेमध्ये, उन्हाचे बारा ते चार सोडून, हॉल भाड्यानं द्या आणि ते पैसे निवाऱ्याच्या वेगळ्या खात्यात ठेवा. ग्रामसभेचा पक्का ठराव हवा : १ जून ते ३० सप्टेंबर इथं धान, खत, सिमेंट, मंडप, कुणाचंही काहीही साठवायचं नाही. सरपंचाचंसुद्धा नाही.

१ मेच्या ग्रामसभेत तपासणी, मृग लागायच्या आत रंगीत तालीम. भोंगा वाजवा, टोलीतल्या शेवटच्या घरातून म्हातारीला उचलून आणा, दोन बैलं ओट्यावर चढवा आणि घड्याळ लावून बघा. पहिल्या तालमीत काहीतरी हमखास चुकतं : बॅटरी उतरलेली, संडासाची कडी तुटलेली, बैल रॅम्पवर बुजलेला. ते वहीत लिहा आणि त्याच आठवड्यात दुरुस्त करा. त्या वहीत घरनिहाय यादीही ठेवा : किती माणसं, कोण आजारी, कोण गरोदर, किती ढोरं. निवाऱ्यात कोण आलं आणि कोण राहिलं, हे अंधारात नावं पुकारूनच कळतं.

पाणी ओसरल्यावर गाळ ओला असतानाच काढा, वाळला की कुदळीनंही निघत नाही. ब्लीचिंगनं धुऊन काढा, टाकी रिकामी करून परत भरा. मग रंगाचा डबा घेऊन कॉलमजवळ जा, पाणी आलं तिथं आडवी रेघ ओढा आणि बाजूला तारीख लिहा. जुन्या रेघा तशाच राहू द्या.